घोडी जिंकली पाहिजे

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी पातेलं पुढे करत नाही. भाजीवाल्यानं आपणहून चांगली मेथी काढून दिली तर जुडी उलटी करून खालची बाजू बघते. माझं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन पाचोरा आणि भडगावच्या मधल्या या गावात आले, तेव्हा सासरच्यांनी चार दिवसांत माझं नाव 'पोलीसपाटलीण' ठेवलं होतं. ठेवू द्या. फसण्यापेक्षा नाव ठेवून घेतलेलं बरं.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा आमच्या ह्यांनी माझा अर्ज भरला. "तुला काय करायचं आहे? सही करायची. बाकीचं मी बघतो," म्हणाले. 'बाकीचं मी बघतो' म्हणणाऱ्या माणसावर दोन डोळे जास्त ठेवावेत, असं माझं मत आहे. नवरा असला तरी. मी निवडून आले आणि पहिल्याच महिन्यात सांगितलं, वाचल्याशिवाय सही नाही. हे फुरंगटले. पण माझा स्वभाव त्यांना काही नवा नव्हता.

ह्यांचं पाचोरा रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आणून द्या, संध्याकाळी पाणी सुरू. हात सोन्याचा. पण जीव अडकलेला नानांमध्ये. नाना आमच्या नात्यातले नाहीत, अख्खा तालुका त्यांना नाना म्हणतो. जिल्हा परिषदेत सभापती होऊन गेले, आता आमदारकीचं तिकीट मागत होते. नानांना घोड्यांचा नाद. गावोगावच्या यात्रांमध्ये घोडे पळायचे, त्या हौशी लोकांना एकत्र करून त्यांनी शर्यतीचं मंडळ काढलं. मंडळ म्हटलेलं मात्र त्यांना चालायचं नाही. 'क्लब' म्हणायचं. बोर्डावर घोडा लहान आणि नाना मोठे. नाना अध्यक्ष, आमचे हे सेक्रेटरी. म्हणजे घोडे खरेदीला सारंगखेड्याच्या बाजारात हे, खोगीर शिवून आणायला हे, आणि फोटोत नानांच्या खांद्यामागून अर्धं तोंड दिसणारेही हेच.

आमच्या खंडेरावाच्या यात्रेत क्लबची मोठी शर्यत ठरली. गायरानावर धावपट्टी आखायची, म्हणून ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी. कागद आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात धुतले, कागद वाचला आणि खाली एक ओळ वाढवायला लावली: कोणत्याही घोड्याला इजा होईल असं काही केल्यास क्लबचे अध्यक्ष जबाबदार राहतील. हे हसले. "नाना काय घोड्याला मारणार आहेत का? देव मानतात घोड्याला."

"मग ओळ राहू द्या," मी म्हटलं. "देव मानणाऱ्याला ओळीची काय भीती?"

शर्यतीला आजूबाजूचा बठ्ठा खान्देश लोटला होता. नानांची पांढरी घोडी सगळ्यांची लाडकी. तिच्यावर बसणारा सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी गडी होता. घरची कोरडवाहू शेती, बाकी वर्षभर मजुरी, आणि यात्रांच्या दिवसांत घोडा. तिशी ओलांडलेला, बोलायला कमी. घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटून मगच वर बसायचा. मी स्टेजवर नानांच्या शेजारच्या खुर्चीत होते, पलीकडे पाहुणे आलेले मंत्री. शेवटच्या वळणावर घोडी दुसऱ्या नंबरावर होती. आणि एकदम, कोणी डागणी द्यावी तशी ती उसळली, आडवी फिरली आणि गड्याला खाली घेऊन पडली.

पुढचं सांगताना मला अजून कसंतरी होतं. घोडीचा पुढचा पाय मोडला होता. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन तिला सोडवलं. गड्याचं मांडीचं हाड मोडलं, त्याला जळगावला नेलं. आणि घोडीचं खोगीर काढलं, तर गादीच्या शिवणीतून वायरची दोन टोकं बाहेर आलेली. आत करंट देणारं यंत्र. लांबून बटण दाबलं की घोडीच्या पाठीत झटका.

अंधार पडायच्या आत क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला. स्वाराने बक्षिसाच्या लोभापायी स्वतः यंत्र बसवले, क्लबला धक्का बसला आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे. खाली हात जोडलेले.

घोडी पुरलीसुद्धा नव्हती आणि क्लबवाल्यांना चोर सापडला होता! आमच्या गावात शेळी हरवली तर आठ दिवस चर्चा चालते. एवढी घाई कोणाला आणि कशाची? गुन्हा नोंदवला गेला तो त्या गड्याच्या नावावर. दवाखान्यातून सुटला की अटक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

मला पहिला प्रश्न पडला तो साधा होता. घोडीवर खोगीर कोण चढवतं? उत्तर मला ठाऊक होतं. आमचे हे.

मी बघत राहिले. हे घरात होते, पण घरात नव्हते. पुढ्यातली कळण्याची भाकरी मोडत बसायचे, खात नव्हते. रविवारी खंडेरावाला गेले नाहीत. ताप असला तरी रविवार न चुकवणारा माणूस! मी विचारलं, "आज देवाला नाही?" तर म्हणाले, "दुकानात काम आहे." दुकान बंद होतं. मी स्वतः जाऊन बघून आले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी डास फार झाले, म्हणून मी खिळ्यावरची डास मारायची बॅट काढली. बटण दाबलं. ना लाल दिवा, ना तडतड. बॅट हातात हलकी लागली. उलटी केली तर स्क्रूच्या खाचा घासलेल्या. चाकूच्या टोकानं उघडली. आत काही नव्हतं. जाळी होती, मूठ होती, पण झटका देणारं पोट रिकामं.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.  बाजारात नवी बॅट मिळते हो! पण आमचे हे पडले चिक्कू, घरातली वस्तू असताना विकत आणायची नाही. आणि आतडी काढून घेतल्यावर बॅट परत खिळ्याला! का, तर जागेवर दिसली नाही तर ही बाई विचारेल. मला ओळखणारा माणूस असा मला ओळखून फसला. हसू का रडू, तेच कळेना.

रात्री जेवताना सहज म्हटलं, "बॅट चालत नाही."

"पडली असेल," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

तेव्हाच गळा धरून विचारता आलं असतं. पण मला भीती वाटली. ते 'नाही' म्हणाले असते तर मला कळलं असतं की माझ्याशीही खोटं बोलतात. 'हो' म्हणाले असते तर मी काय करणार होते? नवरा माझा, गुन्हा गावातला आणि सही माझी. मी बॅट पदराआड घेऊन पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी एकटीच जळगावला गेले. गडी दवाखान्याच्या खाटेवर, पायाला वजन टांगलेलं. त्याची बायको खाली फरशीवर बसली होती. मी सरपंच म्हटल्यावर तिनं मला नीट बघून घेतलं. ती माझ्यासारखीच दिसली मला, कोणावर विश्वास न ठेवणारी.

"तुमच्या मालकांनी खोगीर घातलं, मी बसलो," गडी म्हणाला. "बाकी मला माहीत नाही बाई. घोडी मला पोरीसारखी होती."

"हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणाले, सरपंचाच्या नवऱ्याचं नाव घेतोस का?"

त्याची बायको तेवढ्यात म्हणाली, "तुमच्या गावात झालं. तुम्ही गावाच्या मुख्य. ह्याला धरून नेलं तर आमचं घर संपलं. मग तुम्हीच सांगा, कोणी केलं?"

मी तशीच स्टँडवर आले. एसटीत बसले आणि तोंडावर पदर घेऊन पाचोऱ्यापर्यंत रडत आले. स्वतःचीच चीड येत होती.

परत आल्यावर मी खास ग्रामसभा लावली. विषय एकच: शर्यतीत घोडीला झटका कोणी दिला आणि क्लबची जबाबदारी काय. मला वाटलं, नाना मोडता घालतील. उलट त्यांचाच फोन आला. "अक्का, फार चांगलं केलंत. मी स्वतः येतो. आणि असं करू, उगाच वादावादी नको. खंडेरावापुढे सभा घेऊ. क्लबचा एकेक माणूस भंडारा उचलेल. जो उचलणार नाही, तो दोषी. देवाचा निकाल, आपण कोण?"

आमच्याकडे ताटातला हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची रीत आहे. भंडारा उचलून खोटं बोलला, तर घर बसतं, असं लोक मानतात. फोन ठेवला आणि कुठेतरी पाणी मुरतंय, असं माझ्या डोक्यात आलं. नाना एवढे खूश का? मग उमगलं. गडी जळगावला खाटेवर. तो येणार नाही, म्हणजे उचलणार नाही, म्हणजे दोषी. वा रे वा! कायद्याच्या कटकटीतून मोकळे, वर देवाचा शिक्का. तिकीट मागायला जाताना स्वच्छ.

मी ग्रामसेवकाला सांगितलं, त्या गड्याला काहीही करून सभेला आणायचं. ग्रामसेवक बिचारा म्हणाला, "मॅडम, भंडारा नियमात बसत नाही."

"नियमात घोडीला करंट देणंही बसत नव्हतं," मी म्हटलं.

सभेच्या दिवशी मी बॅट कापडी पिशवीत घातली आणि सोबत नेली. खुर्चीखाली पायाशी ठेवली. मी मनाशी ठरवलं होतं: ह्यांनी भंडारा उचलून खोटं सांगितलं, तर पिशवी उघडायची. नवरा गेला तरी चालेल. ठरवलं होतं म्हणते खरं. उघडली असती की नाही, देव जाणे.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. सभेची अध्यक्ष म्हणून मी मध्ये, उजवीकडे नाना पांढऱ्या कडक कपड्यांत. देवापुढे ताट. नानांनी छोटंसं भाषण केलं. राजकारणात चारित्र्य हीच पुंजी, क्लबवरचा डाग म्हणजे माझ्या कपाळावरचा डाग, वगैरे. टाळ्या पडल्या. ते "आता स्वार आलेला नाही, यावरून..." असं म्हणायला लागले, तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी मालवाहू रिक्षा थांबली. गडी मागे गादीवर आडवा, बायको त्याचं डोकं धरून. नाना बोलायचे थांबले. मग लगेच हसून म्हणाले, "आला का? छान, छान." त्या दोन 'छान'च्या मध्ये त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. मी बघितलं ते.

ताट आधी रिक्षापाशी नेलं. गड्यानं पडल्यापडल्या मूठभर भंडारा घेतला. "मी काही लावलं नाही. लावलं असेल तर हा पाय कधी जुळू नये." त्याच्या बायकोनंही न विचारता ताटात हात घातला. मंडपात कुजबुज झाली. मग क्लबची माणसं. खजिनदारानं उचलला, उपाध्यक्षानं उचलला, बाकीच्यांनी उचलला. कोणी चिमूट, कोणी मूठ. काहींनी इतक्या सहज उचलला की प्रसाद घेताहेत असं वाटावं.

मग हे आले. देवासमोर उभे राहिले, माझ्याकडे पाठ. माझा पाय पिशवीला लागला. ह्यांचा हात ताटाकडे गेला आणि भंडाऱ्याच्या वर थांबला.  नाना हळूच म्हणाले, "उचल रे, उचल. घाबरायचं काय?"

ह्यांनी हात मागे घेतला. मग अहिराणीत बोलले, घरात बोलतात तसं. "नही उचलत नाना. ते मन्हं काम शे. त्या गड्याना काही दोष नही."

एवढा गोंधळ उडाला की स्पीकर शिट्टी मारायला लागला. कोणी "हाणा रे" म्हणालं, कोणी "खरं बोलला, जाऊ द्या" म्हणालं. रिक्षातली बाई कपाळ टेकून रडत होती. मला ह्यांचा भयंकर राग आला. त्या मुक्या जनावराच्या पाठीत करंट सोडला ह्या माणसानं! आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. 

नाना उठले, माईक घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "माझ्या जवळच्या माणसानं हे केलं याचं दुःख आहे. पण न्याय झाला. सभा संपली असं मी..."

"सभा मी संपवेन," मी म्हटलं. "मी अध्यक्ष आहे. नाना, तुम्ही राहिलात."

"काय राहिलं अक्का?"

"भंडारा. क्लबचा एकेक माणूस म्हणाला होतात. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं उचलून सांगा."

नाना हसले. "माझ्यावर संशय?"

आयुष्यभर लोकांनी हा प्रश्न मला टोमणा म्हणून विचारला होता आणि मी 'तसं नाही हो' म्हणत आले होते. त्या दिवशी मी म्हटलं, "हो. आहे."

 नाना दोन पावलं ताटाकडे गेले. "उचलतो की! मला काय भीती?" त्यांनी हात पुढे केला, आणि त्यांची चार माणसं धावली. "नाना, तुम्ही नाही! तुम्हाला शपथ घालणारी ही कोण?" एकानं मनगट धरलं, दुसऱ्यानं खांदा. नाना म्हणत होते, "सोडा रे, सोडा मला, उचलू द्या." लोक हेलावले. बायका डोळे पुसायला लागल्या. मी फक्त हाताकडे बघत होते. तोंड 'सोडा' म्हणत होतं, पण हात पुढे जायला जोरच लावत नव्हता. सैल पडला होता, बांगड्या भरायला दिल्यासारखा. तसेच त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं. 'नाना जिंदाबाद' झालं. ताट होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी मी ह्यांना घेऊन पोलीस चौकीला निघाले. मोटारसायकल तेच चालवत होते, मी मागे. 

"पिशवीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बॅट."

त्यांनी मान हलवली. म्हणजे पिशवी त्यांनी बघितली होती. मग ते देवाला भिऊन खरं बोलले की मला? हा संशय मला आजही आहे आणि मी तो विचारणार नाही. काही गोष्टी न विचारता संसार होतो.

पण एक विचारलं. "नानांनी काय सांगितलं होतं? खरं सांगा, आता लपवण्यासारखं काय राहिलंय?"

"करंटचं काही बोलले नाहीत. दुकानात आले, चहा प्यायले. म्हणाले, मंत्री येणार आहेत, तिकिटाचं जमतंय, घोडी जिंकली पाहिजे. कशी ते तू बघ." गाडी हळू करत म्हणाले, "तुझं डोकं चालतं मशिनीत, असंही म्हणाले. बस. एवढंच." आणि चालत्या गाडीवर माझा नवरा रडायला लागला. मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली.

चौकीत हवालदारानं जबाब लिहायला घेतला. यंत्र कुठून आणलं, कसं बसवलं, बटण कुठे टाकलं, सगळं विचारलं. गड्याचं नाव गुन्ह्यातून काढायला अडचण नाही, म्हणाला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तो सही घ्यायला कागद वळवू लागला. कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

"अजून एक वाक्य राहिलं," मी म्हटलं, आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नाना जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "वहिनी, याला काय अर्थ आहे? मी पण माझ्या पोराला म्हणतो, पहिला नंबर आला पाहिजे. म्हणून काय त्यानं कॉपी केली तर मी आत जायचं?" बाहेर तोंड करून ओरडला, "तीन चहा सांग रे!"

"अर्थ कोर्ट लावेल," मी म्हटलं. "तुम्ही फक्त लिहा. नाव, आडनाव, क्लबचे अध्यक्ष. पुढे बोलले ते. आणि ना-हरकतीवर जबाबदार कोण म्हणून लिहिलंय, त्याची प्रत मी जोडते."

"तुमच्या मिस्टरांची शिक्षा त्यानं कमी होणार नाही."

"नको व्हायला," हे म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज स्वच्छ निघाला.

चहा आला. कोणी हात लावला नाही, वर साय धरली. टेबलावरचा हवालदाराचा फोन वाजायला लागला. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

"घ्या फोन," मी म्हटलं. "पण वाक्य लिहून झाल्यावर. आम्ही बसलोय."

फोन वाजून वाजून थांबला. परत वाजायच्या आत त्यानं पेन उचललं आणि नानांचं पूर्ण नाव मला विचारलं.